दोन खुणांची तुळई

आमचे साडू जाऊन आता सहा वर्षं झाली, तेव्हा त्यांच्याबद्दल खरं बोलायला हरकत नाही. ते असताना बोललो असतो तर त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं असतं आणि शेवटी मान हलवून म्हटलं असतं, "मी तेच म्हणत होतो."

या चार शब्दांवर त्या माणसाने अख्खा संसार केला. माझं लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी आमच्या सासऱ्यांना बजावलं होतं, पुस्तकं बांधणाऱ्याला मुलगी देऊ नका, पोरगा पुठ्ठ्यासारखाच आहे, वरून कडक आणि आत काही नाही. सासऱ्यांनी ऐकलं नाही. पुढे माझा संसार बरा चालला, तेव्हा साडू म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." मग छापखाना बंद पडून माझं काम गेलं, तेव्हाही म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." दोन्ही वेळा चेहरा अगदी सारखाच प्रामाणिक.

धंदा त्यांचा बांबूच्या शिड्यांचा. सगळे त्यांना शिडीवालेच म्हणत. दुकान इतकं अरुंद की बांबू आत आणि त्यांची टोकं रस्त्यावर. जाणारे सायकलवाले त्यांच्या दुकानापुढे आपसूक मान लववायचे आणि साडूंना वाटायचं, लोक नमस्कार करतात. मांडीत बांबू धरून ते दिवसभर बसत. कुठलाही बांबू घ्या, थोडा तरी वाकडा असतोच. त्याचा फुगवटा वरच्या अंगाला ठेवून शिडी बांधायची, म्हणजे माणूस चढला की वजनाने दांडा सरळ होतो. कुठलं अंग वर, ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून साडू तापलेल्या सळईने त्या अंगाला एक गोल डाग द्यायचे. चर्र आवाज, जळक्या बांबूचा गोडसर वास, आणि पाठोपाठ त्यांची ताकीद: "खूण वर!" चाळीस वर्षं त्यांनी हे दोन शब्द इतक्यांदा उच्चारले की आमच्या मेहुणीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्या सांगायच्या, झोपेतसुद्धा कूस बदलताना म्हणतात.

त्यांच्या शिडीवरून एकच माणूस पडला. तो आमचा रंगारी. मनगट मोडलं, महिनाभर डाव्या हाताने जेवला. हात गळ्यात अडकवून दुकानात आला तेव्हा साडूंनी आधी शिडी तपासली, मग त्याला.

"शिडी ठीक आहे," म्हणाले.

"आणि मी?"

"तू पडलास. शिडी कुठे पडली?"

त्यानंतर पंधरा वर्षं दोघे एकमेकांशी बोलत होते ते फक्त भांडायला.

मग अॅल्युमिनियमच्या शिड्या आल्या. हलक्या, घडीच्या, चमकणाऱ्या. साडूंचं दुकान उघडं राहायचं पण बांबू हलायचे नाहीत. हळूहळू ते दुपारीच घरी यायला लागले आणि एक दिवस अक्का आमच्या दारात उभ्या. "तुमचे साडू मला ओले कपडे कसे वाळत घालायचे ते शिकवायला लागलेत. त्यांना कामाला लावा, नाहीतर मी माहेरी येते." त्यांच्या माहेरचं आता कोणी उरलं नव्हतं, माझ्या बायकोशिवाय. म्हणजे माहेर म्हणजे आमचं घर. मी दुसऱ्याच दिवशी त्यांना कामाला लावलं.

मी तेव्हा इंजिनिअरबाईंच्या कारखान्यात प्रेसवर होतो. दोऱ्याच्या रिळांच्या जुन्या गिरणीची एक शेड त्यांनी घेतली होती. तिशीतली मुलगी, केसांत कायम भुसा, कानामागे पेन्सिल, आणि एकदा कानामागची पेन्सिल शोधताना दुसरी कानामागे ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. त्यांचं काम असं: बांबू उभे चिरून कामट्या काढायच्या, रंधून सरळ करायच्या, हौदात उकळून त्यांतली साखर घालवायची म्हणजे कीड लागत नाही, मग वाळवून, सरस लावून, एकावर एक रचून प्रेसमध्ये दाबायच्या. प्रेसमधून बाहेर येते ती सलग तुळई, घराचं छप्पर पेलायला. निदान बाईंचं म्हणणं तसं होतं. तुळईचं म्हणणं वेगळं होतं.

साडू पहिल्यांदा आले त्या दिवशी चाचणी होती. तुळई दोन ओट्यांवर आडवी ठेवलेली, मधोमध वाळूची पोती टांगत चाललो होतो. अकराव्या पोत्याला ती कडाडली आणि खालून फाटली. सगळे मागे सरले. साडू मात्र फाटलेल्या जागी वाकून बघत हसायला लागले.

"गाठी बघा की! सगळ्या गाठी एका ओळीत, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या. बांबू चिरतो तो गाठीपाशी. एकीची गाठ दुसरीच्या गाठीशेजारी कधी येऊ द्यायची नाही."

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि लिहून घेतलं. साडूंना त्या क्षणी नोकरी लागली, असं मी समजतो.

पुढचे सहा महिने शेडमध्ये रोज भांडण. साडू म्हणाले, बांबूचा जीव सालीत, साल काढायची नाही. बाई म्हणाल्या, सालीवर मेण असतं, सरस धरत नाही, साल खरवडायचीच. सालीलगतचा भाग मात्र सगळ्यांत टणक, तो खालच्या थरांत घालायचा. एक तुळई साडूंच्या पद्धतीने केली, एक बाईंच्या. साडूंची तुळई सहाव्या पोत्याला पत्त्यांच्या कॅटसारखी सुटली. त्यांनी एक कामटी उचलून तिची गुळगुळीत पाठ अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "सरस धरला नाही. मी तेच म्हणत होतो."

"काका!" बाई ओरडल्या.

"बरं, वजन आलं की तुळई खालूनच का फाटते?" काकांनी विषय बदलला.

"वजनाने तिची पाठ दबते आणि पोट ताणलं जातं. ताण सोसेना की पोट फाटतं."

"मी तेच—"

"काका, तुम्ही आत्ता विचारलंत!"

पोटाला आधार कसला द्यायचा, हा प्रश्न उरला. लोखंडाची पट्टी चिकटवून पाहिली. पहिल्याच चाचणीत ती निघून माझ्या पायावर पडली. शेवटी जो उपाय सापडला तो कोणाचा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी म्हणतो माझा, कारण पुस्तकाची पाठ उसवू नये म्हणून आम्ही बांधणीवाले तिला जाळीचं कापड चिकटवतो, हे मीच बाईंना दाखवलं. साडू म्हणायचे त्यांचा, कारण शिडीच्या सांध्याला ते तार गुंडाळायचे. आणि अक्का म्हणतात त्यांचा, कारण त्या डबा घेऊन आल्या होत्या, कंबर धरली म्हणून कमरेला रुंद पट्टा बांधलेला, आणि आमचा वाद ऐकून म्हणाल्या होत्या, "एवढं पोट ताणलं जातंय तर पट्टा बांधा की त्याला!"

बाईंनी काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड मागवलं. तुळईच्या पोटाला ते सरसाने चिकटवलं. दिसायला जखमेवरच्या पट्टीसारखं, म्हणून त्यावर एक पातळ कामटी. मग चाचणी. अकरा पोती, वीस, तीस. शेडमधली पोती संपली. साडू स्वतः वर जाऊन बसले. तुळई ढिम्म. अर्थात साडूंचं वजन ते काय, ओल्या टॉवेलपेक्षा थोडं जास्त.

त्या तुळईच्या जोरावर पहिलं मोठं काम मिळालं: आमच्याच वस्तीतल्या नव्या वाचनालयाचं छप्पर. आठ तुळया. यात एक मेख होती. कापड झाकलेलं, टोकांना ओल शिरू नये म्हणून काळा रंग. मग पोट कुठलं आणि पाठ कुठली, बघणाऱ्याला कळणार कसं? तुळई उलटी बसली तर पट्टा पाठीला आणि पोट उघडं. बाई म्हणाल्या, खूण करू.

"खूण करणं माझं काम," साडू म्हणाले. सळई तापली. तुळईच्या बाजूला, पोटाच्या कडेला लागून एक गोल डाग, दोन्ही टोकांशी. "पण काका, इथे खूण खाली," बाई पुन्हा पुन्हा सांगायच्या. "खूण खाली, पोट खाली."

"कळतं मला. मी काय लहान आहे?"

ज्या दिवशी त्यांनी त्या आठ तुळयांवर खुणा केल्या, त्याच दिवशी त्यांचं जुनं दुकान रिकामं होत होतं. नवा भाडेकरू मोबाईलची कव्हरं विकणार होता. दुपारच्या सुट्टीत साडू तिकडे जाऊन आले. मी विचारलं, पाटी काढली का? म्हणाले, "काढली. मागे भिंतीचा रंग अजून नवा होता." एवढंच. आणि सळई उचलून उरलेल्या तुळयांकडे गेले.

नंतर मापात फरक निघाला, भिंत वीतभर आत आली होती, म्हणून आठही तुळयांचं एकेक टोक वीतभर कापलं. कापलेल्या टोकांना रंगाऱ्याने लगेच काळा रंग फासला. हो, तोच रंगारी. तुकडे भट्टीत गेले. एक साडूंनी घरी नेला. अक्कांचं स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटायचं, त्याला अडसर म्हणून.

तुळया चढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कौलं चढायची होती आणि चार दिवसांनी उद्घाटन. त्या दुपारी अक्कांचा निरोप आला: "तुमचे साडू दोन तास गप्प आहेत. डॉक्टरला बोलवू की तुम्हाला?"

मी गेलो. साडू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेले, हातात तो तुकडा.

"पुठ्ठेवाले, चष्मा लावा आणि बघा."

एका कडेला त्यांचा गोल डाग. कापलेल्या अंगावर केसासारखी एक पांढरी रेघ, म्हणजे कापड. ती रेघ दुसऱ्या कडेला होती.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हणजे ही खूण पाठीवर होती. म्हणजे हा तुकडा ज्या तुळईचा, ती वाचनालयात उलटी बसली होती.

"कुठल्या तुळईचा?" मी विचारलं.

"तेच तर आठवत नाही. एकच चुकली, की सगळ्या, तेही आठवत नाही. सळई हातात घेतली तेव्हा मी... दुकानातच होतो."

आता माझं वागणं सांगतो, लपवून काय करू. मी म्हणालो, साडूभाऊ, उलटी असली तरी तुळईच आहे, पडेल कशाला? त्यांनी तुकडा पुन्हा माझ्या डोळ्यांपुढे धरला. ज्या हॉलमध्ये उद्या मुलं-म्हातारी बसणार, त्याच्याबद्दल मी हे बोललो, याची मला आजही लाज वाटते. मग म्हणालो, बरं, सांगायचंच तर असं करू. कापड चिकटवताना प्रेसवर मी होतो. मी कापड उलट्या अंगाला लावलं म्हणू. मी आयुष्यात इतक्या चुका कबूल केल्यात, आणखी एकीने काय होतंय?

साडूंनी विचार केला. खरोखर केला, मला दिसत होतं. "तुम्हाला सवय आहे," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

"नाही म्हणणार."

"आणि मला..." ते थांबले. चाळीस वर्षांची शिड्यांवरची खूण, हाच त्या माणसाचा जमीनजुमला होता. दुकान गेलंच होतं. आता खूण चुकली म्हटलं की उरलं काय?

"चला," म्हणाले. आम्ही निघालो. ठरलं होतं की मी बोलायचं. मागून चपलांचा आवाज. अक्का येत होत्या. दोन साडू एकत्र बाहेर पडले की त्यांना संशय येतोच.

वाचनालयात बाई खिडकीची मापं घेत होत्या, रंगारी दारं रंगवत होता. वर आठ तुळया उघड्या, त्यांच्यामधून आभाळ दिसत होतं. प्रत्येकीच्या एका टोकाशी खालच्या कडेला एकेक डाग, कसा शिस्तीत! मी घसा साफ केला.

"बाई, एक घोळ झालाय. त्या दिवशी प्रेसवर माझ्याकडून—"

"यांचं ऐकू नकोस," साडू म्हणाले. "हा माणूस खोटं बोलतोय आणि तेही माझ्यासाठी. खूण मी केली. चुकली. माझं चुकलं."

रंगाऱ्याचा ब्रश हवेतच थांबला. थेंब खाली पडला, त्याने पाहिलासुद्धा नाही.

बाईंनी तुकडा हातात घेतला, उन्हाकडे धरला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाल्या, "काका, हे कळल्यापासून इथे यायला किती वेळ लागला?"

"तीन तास. त्यातले दोन मी गप्प होतो. एक यांनी खाल्ला."

"कौलं उद्या चढणार होती." बाईंनी वर पाहिलं. "टोकं भिंतीत गेलीत. रंग खरवडून बघता येणार नाही. कशी ओळखायची उलटी?"

साडू वर बघत उभे राहिले. मग म्हणाले, "गिरमिट आणा. खालून बारीक भोक पाडू, बोटभरसुद्धा नको. कामटीच्या आत कापड असेल तर काचेची पांढरी भुकटी येईल. नसेल तर नुसता पिवळा भुसा."

शिडी आणली, त्यांनीच बांधलेली, कोपऱ्यात रंगाऱ्याचे डबे ठेवायला आडवी पडलेली. सदुसष्ट वर्षांचा माणूस. आम्ही म्हटलं दुसरा कोणी चढेल. ऐकतील तर शपथ. तेवढ्यात रंगारी पुढे आला आणि त्याने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"चढा. मी धरतो. मला पडायचा अनुभव आहे."

बाई खाली काळी फाईल पसरून उभ्या राहिल्या. पहिली तुळई. गिरमिट कुरकुरलं, आधी पिवळा भुसा, मग फाईलवर पिठासारखी पांढरी भुकटी. दुसरी, पांढरी. तिसरी, पांढरी. चौथी, पाचवी. प्रत्येक वेळी साडू खाली उतरायचे, शिडी सरकवायची, पुन्हा वर. कोणी बोलत नव्हतं. अक्कासुद्धा नाही, यावरून काय ते समजा.

सहावी. पिवळा भुसा. साडूंनी गिरमिट आणखी फिरवलं. पिवळाच. आणखी थोडं. पिवळाच.

"हीच," ते वरून म्हणाले.

सातवी आणि आठवी पांढरी निघाली. आठांत एक. साडू खाली आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर काचेची भुकटी होती आणि ते हातांवर कराकरा खाजवत होते. बाई फाईल झटकत म्हणाल्या, "उद्या जॅक लावून सहावी उलटवू. कौलं एक दिवस उशिरा. वाचनालयाच्या समितीला मी सांगते."

"काय सांगशील?"

"की आमच्या काकांनी स्वतः येऊन सांगितलं."

मग अक्का पुढे आल्या. पदर खोचलेला, कमरेला पट्टा. "अहो," त्या म्हणाल्या, "मघाशी तुम्ही काय म्हणालात? मी जरा मागे होते, नीट ऐकू आलं नाही."

"ऐकू आलंय तुला."

"नाही हो. चाळीस वर्षं वाट बघितली आणि नेमकी त्या वेळी मी दारात चप्पल काढत होते. परत म्हणा."

"माझं चुकलं," साडू म्हणाले, पायाकडे बघत.

"कुणाचं?"

"माझं!"

अक्कांनी पदराने त्यांच्या भुवयांवरची भुकटी पुसली आणि म्हणाल्या, "बरं. घरी चला, आंघोळ करा, खाजेल."

रंगाऱ्याने ही संधी सोडली असती तर तो रंगारी कसला! शिडी आडवी ठेवता ठेवता म्हणाला, "आणि शिडीवाले, माझ्या वेळची शिडी?"

साडू ताठ झाले. "ते वेगळं. तू पडलास."

दुसऱ्या दिवशी सहावी तुळई उचलली, उलटवली, पोट खाली करून बसवली. जुनी खूण आता वरच्या कडेला गेली. साडूंनी सळई तापवून घेतली आणि खालच्या कडेला नवी खूण केली. बाई म्हणाल्या, जुनी रंध्याने घासून टाकू, लोक विचारतील. साडू म्हणाले, "राहू दे. विचारू देत."

त्यानंतर बाईंच्या कारखान्यात नियमच झाला: बसवलेल्या प्रत्येक तुळईला खालून एक बारीक भोक पाडायचं, भुकटी बघायची, मग लाकडाची खुंटी ठोकून बुजवायचं. आता कारखाना मोठा झाला आहे, नव्या मुलांनी साडूंना पाहिलेलंही नाही, पण त्या भोकाला सगळे म्हणतात "काकांचं भोक". कागदावरसुद्धा तसंच लिहितात, मी पाहिलं आहे. साडू पुढे नऊ वर्षं तिथे खुणा करत होते आणि एकही चुकली नाही. "मी तेच म्हणत होतो" हे मात्र सुरूच होतं. कबुलीने माणूस सुधारतो असं ज्याला वाटतं त्याने आमच्या साडूंबरोबर एक आठवडा काढायला हवा होता.

मी आता रोज वाचनालयात जातो. वर्तमानपत्र वाचायला, निदान घरी तसं सांगून. जागा ठरलेली, सहाव्या तुळईच्या खाली. रंगारीही तिथेच येतो, म्हातारा झाला, मनगट थंडीत दुखतं म्हणतो आणि वर बघून एक शिवी हासडतो, प्रेमाने. मागच्या आठवड्यात अक्का आल्या होत्या, धाकट्या नातीला घेऊन. नात वर बघून म्हणाली, "आजी, सगळ्यांना एकच टिकली आहे, हिलाच दोन का?"

अक्कांनी तिला जवळ घेतलं, बोट वर केलं आणि अख्ख्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खालची तुझ्या आजोबांची. आणि वरची ना? वरचीही त्यांचीच. ती मी राखून ठेवलीय."